ओव्यात ओवलेली राणी

खारघर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स, पावसाळ्यात लांबूनच बघायचा पांडवकडा आणि बिल्डरच्या भाषेत ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ असलेला, पण प्रत्यक्षात पस्तीस मिनिटं लागणारा टू बीएचके. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ काही कुणाला आठवत नाही. पण गेल्या पावसाळ्यात मी लागोपाठ पाच शनिवार खारघरच्या पार त्या टोकाला, ओवे गावात जात होते, ते या बाईसाठीच. तिचे मोती, तिची ती जगप्रसिद्ध कॉलर, तिचा पंखा, तिचा रुमाल... सगळं तिथल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत तयार होत होतं. आणि कॉलरीला खळ होती साबुदाण्याची!

थांबा, नीट सांगते.

माझी एक मैत्रीण नाटकांचे कपडे करते. म्हणजे दिवसा एका ऑफिसात नोकरी, आणि संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी नाटकांचे कपडे. एका हौशी ग्रुपने फादर स्टीफन्सवर मराठी नाटक बसवायला घेतलं. हा थॉमस स्टीफन्स म्हणजे १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट. इथे आला, मराठी शिकला, मराठीच्या प्रेमात पडला आणि पठ्ठ्याने चक्क ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. दहा हजारांवर ओव्या, गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेल्या. शेक्सपिअर वारला तेच हे वर्ष. थोडक्यात, हा माणूस एलिझाबेथच्या राज्यात वाढलेला आणि ज्ञानेश्वरांच्या छंदात लिहिणारा. तो कॅथलिक, राणी प्रोटेस्टंट, त्यामुळे मायदेशात त्याला राहण्यात अर्थ नव्हता. आता अशा माणसाच्या नाटकात त्याची राणी येणारच. आली. एकाच प्रवेशात, बारा मिनिटांसाठी.

प्रवेश असा की १५८३ मध्ये राणी अकबर बादशहाला पत्र लिहिते. हे पत्र खरंच लिहिलं गेलं होतं. ते घेऊन जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि मंडळी ‘टायगर’ नावाच्या जहाजातून निघाली, होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांना जामिनावर सोडवायला धावून कोण आलं? आपले फादर स्टीफन्स. पुढच्या वर्षी ही मंडळी गोव्यातून पळाली आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असं करत अकबराच्या दरबारापर्यंत पोचली. मला या टोळीत सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो त्यांच्यातला विल्यम लीड्स. तो जवाहिऱ्या होता. फिच फिरत फिरत १५९१ मध्ये लंडनला परतला, लीड्स मात्र अकबराच्याच नोकरीत राहिला. म्हणजे राणीच्या देशातला दागिन्यांचा कारागीर तेव्हाच इकडे येऊन सेटल झाला होता. आता सव्वाचारशे वर्षांनी राणीचे दागिने पनवेल तालुक्यात बनले तर बिघडलं कुठे?

मैत्रिणीने समोर ठेवलं ते राणीचं ‘आर्माडा पोर्ट्रेट’. १५८८ मध्ये स्पेनच्या आरमाराचा फज्जा उडाल्यावर काढलेलं. त्याच्या तीन प्रती आहेत. त्यातली एक २०१६ मध्ये ग्रीनिचच्या संग्रहालयाने लोकवर्गणी वगैरे काढून तब्बल एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला घेतली. चित्रात राणीचा एक हात पृथ्वीच्या गोलावर, दुसऱ्या हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा, गळ्यात पोटापर्यंत लोंबणारे मोत्यांचे सर, केसांत मोती, बाह्यांवर मोती, जिथे जागा सापडेल तिथे मोती. आणि मानेभोवती ती ताटाएवढी कॉलर. तिला इंग्रजीत रफ म्हणतात. आपल्या रफ वहीशी तिचा काही संबंध नाही, उलट तिच्याइतकं फेअर काम दुसरं नसेल. ‘पत्र १५८३ चं आणि ड्रेस १५८८ चा, कसं चालेल?’ असं मी विचारलं. मैत्रीण म्हणाली, ‘लोकांना एकच एलिझाबेथ माहितेय. ती दिसली नाही तर बारा मिनिटांतली चार ही बाई कोण हे कळण्यातच जातील.’ मुद्दा बरोबर होता.

गाऊन दादरच्या एका मास्टरने शिवायचं कबूल केलं. काळं वेल्वेट, आत कॅनव्हास, झालं. पण असल्या ड्रेसमध्ये गाऊन म्हणजे नुसती भिंत असते. खरा खेळ ॲक्सेसरीजचा. खुद्द राणीच्या कपड्यांची १६०० सालची यादी आजही वाचायला मिळते. त्यात १०२ फ्रेंच गाऊन, ६७ गोल घेराचे गाऊन आणि २७ पंखे मोजलेत. इतक्या झग्यांत ती राणी दिसायची ती वरच्या लटकवलेल्या, टाचलेल्या, खोवलेल्या वस्तूंमुळे. जॅनेट अर्नोल्ड नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं हे हिशेब उकरून १९८८ मध्ये राणीच्या वॉर्डरोबवर जाडजूड पुस्तक काढलं. नाटकवाल्यांसाठी ते बायबलच आहे. मैत्रिणीकडे त्याची झेरॉक्स होती, तीही चहाचे डाग पडलेली.

भुलेश्वरमध्ये मोती किलोवर मिळतात. ते ओवणार कोण? तिथल्या दुकानदाराने पत्ता दिला: ‘ओव्याला एक बाई आहेत, मुंडावळ्या करतात. हात बघा त्यांचा.’

*

ओव्याला जायचं म्हणजे हार्बर लाइनने बेलापूर, तिथून मेट्रो. ही बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तिची इतकी वर्षं वाट बघितली गेली, की तोवर नुसत्या खांबांच्या जोरावर दोन पिढ्यांनी फ्लॅट बुक केले असतील. खिडकीतून एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला टॉवर. सेंट्रल पार्कला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला ‘ओवे’ म्हटलं की तो विचारतो, ‘गाव की कॅम्प?’ गाव म्हणायचं. सेक्टरचे रुंद रस्ते संपतात आणि एकदम वळण अरुंद होतं. दोन घरांमध्ये एक बुलेट आणि एक म्हातारी एवढीच जागा. स्टीलच्या चकचकीत रेलिंगचे तीन मजली बंगले, खाली गाळे, वर भाडेकरू, मध्येच एखादं कौलारू घर, ओट्यावर वाळत घातलेले रेनकोट. पाऊस असा की डोंगर आहे की नाही तेच कळत नव्हतं.

इथली बरीच वस्ती आगऱ्यांची. मिठागरं आणि भातशेती करणारा हा समाज. १९७० मध्ये सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. पण त्याचा एक परिणाम वाचायला मिळत नाही. शेत गेल्यावर ज्या बाया लावणी, कापणी, झोडणी करायच्या त्यांच्या हातांचं काय झालं? काही हात घरकामाला टॉवरमध्ये गेले. काही भाजीच्या टोपलीला. आणि काही, आमच्या काकूंसारखे, घरबसल्या ओवायला लागले.

काकूंनी ‘माझा नाव पेपरात टाकू नको बाय’ अशी ताकीद दिलेली आहे, म्हणून त्या नुसत्या काकू. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. खोलीत एक पलंग, शिलाई मशीन आणि भिंतीला खिळ्यांवर लटकवलेल्या मुंडावळ्यांचे पन्नासेक जोड. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, तो ज्येष्ठापर्यंत. श्रावणाच्या तोंडावर गौरी-गणपतीच्या कंठ्या नि माळा. मधला आषाढ मोकळा. आम्ही नेमक्या त्या मोकळ्या महिन्यात पोचलो होतो.

मैत्रिणीने पोर्ट्रेटची मोठी कलर प्रिंट पलंगावर पसरली. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

‘लगनाला चालली का यवरे मोती घालून?’

‘नाही काकू, हिने लग्नच केलं नाही.’

‘मंग यवरे मोती कोनी घातले?’

‘तिने स्वतःच घेतले.’

‘बरा हाय,’ काकू म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

मोत्यांचा आणि लग्नाचा संबंध काकूंनी अचूक पकडला होता, फक्त उलट्या बाजूने. एलिझाबेथच्या चित्रांत मोती हे तिच्या कौमार्याचं चिन्ह. ती ‘व्हर्जिन क्वीन’, तिचं लग्न देशाशी, म्हणून अंगभर मोती. त्यातले काही तर दुसऱ्या राणीचे होते. स्कॉटलंडच्या मेरीचे मोत्यांचे सहा सर १५६८ मध्ये विकायला निघाले. फ्रान्सच्या कॅथरिन द मेडिसीचाही त्यांच्यावर डोळा होता. एलिझाबेथने बाजी मारली. मेरी तेव्हा स्कॉटलंडमध्ये कैदेत होती! मालिकेत दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात.

पण माझा आवडता तपशील वेगळाच आहे. राणीच्या हिशेबांत खोट्या मोत्यांची खरेदीही आहे, एका पेनीला एक या भावाने. म्हणजे अंगावरच्या त्या हजारो मोत्यांत खऱ्यांच्या शेजारी नकली बेमालूम शिवलेले असायचे. बाहीवरचा मोती हलताना तुटतो, हरवतो, मग लांबून बघणाऱ्यासाठी खरा कशाला लावा? मैत्रिणीने हे वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी भुलेश्वरच्या प्लास्टिकच्या मोत्यांत हात घातला, खळ्ळकन आवाज केला आणि म्हणाल्या, ‘मंग ती पन आपल्यातलीच.’

प्लास्टिकचा मोती फार पांढरा असतो, दिव्याखाली नेप्थलिनच्या गोळीसारखा दिसतो. कापडाला चढतो तसा चहाचा रंग त्याला चढेना. शेवटी पातळ केलेल्या वॉर्निशचा एक हात दिला तेव्हा त्याला जुन्या, बसरा मोत्यासारखा किंचित पिवळा ओलावा आला. सर सहा. प्रत्येक मोत्यानंतर गाठ. का? तर सर तुटला तर एकच मोती पडावा, सगळे स्टेजवर घरंगळू नयेत. पटवेकरी दागिने गाठवतात तेव्हा हेच करतात. काकूंना हे कुणी शिकवलं नव्हतं, ‘पोरी वरातीत नाचतान, तुटतंच ना’ एवढंच उत्तर. गाठ मोत्याला अगदी चिकटून बसली पाहिजे. त्यासाठी त्या डाव्या हाताच्या नखाने गाठ ढकलत नेतात. त्या नखाला मधोमध खाच पडलीय.

सहा सरांना तीन शनिवार आणि मधल्या सगळ्या दुपारी लागल्या.

ओवी हा शब्द ओवण्याशी जोडतात, शब्दात शब्द ओवत जाते ती ओवी. ओवे गावाच्या नावाचा याच्याशी काही संबंध आहे असा माझा अजिबात दावा नाही, उगाच इतिहासप्रेमींची पत्रं नकोत. पण ओव्यात बसून, ओव्या लिहिणाऱ्या फादरच्या नाटकासाठी मोती ओवले जाताना बघणं... अशा वेळी आपण मराठीत असल्याचं भारी वाटतं.

*

आता रफ. त्याच्यावरून आमची चांगलीच जुंपली.

तत्त्व सोपं आहे. मलमलची लांबच लांब पट्टी घ्यायची, तिच्या एका कडेला चुण्या घालून ती मानेच्या मापाच्या पट्ट्यात बसवायची. दुसरी कड मोकळी सुटते आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या नळ्या तयार होतात. आमची पट्टी नऊ मीटर होती. नऊ मीटर कापड मानेभोवती! नऊवारी नेसायची सोडून गळ्यात घातली असं समजा. या नळ्या उभ्या राहतात त्या खळीच्या जिवावर. १५६० च्या सुमारास हे फॅशन इंग्लंडमध्ये आलं तेव्हा तिथे खळ घालता येणारं कुणी नव्हतं, म्हणून राणीने आपल्या डच गाडीवानाच्या बायकोला कामाला लावलं. मग १५६४ मध्ये डिंघेन व्हान डर प्लासे नावाची बाई लंडनला आली आणि तिने चक्क खळ घालण्याचे क्लासेस काढले. फी चार ते पाच पौंड, आणि खळ कशी शिजवायची त्याचे वीस शिलिंग वेगळे. तेव्हा ती रक्कम म्हणजे चैन होती. बड्या घरांनी मुलींना पाठवलं. खळीवरून धर्ममार्तंडही पेटले. फिलिप स्टब्ज नावाच्या गृहस्थाने १५८३ मध्ये खळीला सैतानाची करामत ठरवलं, आणि पावसात भिजल्यावर हे रफ कसे फडक्यासारखे लोळागोळा होतात याची यथेच्छ टिंगल केली.

टिंगल आम्हालाही लागू होती. ओव्याचा जुलै! मैत्रिणीला सगळं अस्सल हवं होतं, म्हणजे गव्हाची खळ. काकू म्हणाल्या, कॉटनच्या साडीला घालतो ती साबुदाण्याची घाल, गव्हाची पिवळी पडते नि झुरळं खातात. साबुदाणा शिजवला, फडक्यातून गाळला, पट्टी बुडवली, पंख्याखाली अर्धवट वाळवली. नळ्या पाडायला तेव्हा लोखंडी सळया तापवायचे. आमच्याकडे केस कुरळे करायचं मशीन होतं, काकूंच्या सुनेचं. एकेका नळीत मशीन घालायचं, मनात दहा आकडे मोजायचे, काढायचं. दुपारी दोनला सुरू करून साडेसहाला रफ उभा राहिला आणि इतका देखणा दिसला, की सुनेने तो घालून आरशात सेल्फी घेतला. रात्री पाऊस वाढला. रविवारी सकाळी काकूंचा फोन: ‘राणी बसली.’

मैत्रीण परत साबुदाणा म्हणत होती. मी म्हटलं, थिएटरला एसी आहे, पण टेम्पोत काय करशील? तिचं म्हणणं, फेविकॉल घातलं तर कापड प्लास्टिकसारखं चमकतं, मग तयार नायलॉनचा रफ ऑनलाइन का नाही मागवत? दोन्ही बाजूंनी आवाज चढले. काकूंनी मध्येच विचारलं, ‘ही किती वेल उभी राहनार?’ बारा मिनिटं. ‘मंग भांडता कशाला? खल ऱ्हाऊं दे, त्यात चमचाभर घाला फेविकॉल. आनि खालून आधार द्या.’

आधार म्हणजे तारेची जाळी. एलिझाबेथच्या काळातही मोठ्या रफखाली अशी तारेची चौकट बांधायचे. काकूंनी ती पाच मिनिटांत वाकवली, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळली आणि मान तिरकी करून बघितलं. ‘बाशिंगच हाय की. कपालाऐवजी मानेला बांधला.’ त्यानंतर आम्ही रफला रफ म्हणणं सोडलं. नाटकाच्या सामानाच्या यादीतही ‘मानेचं बाशिंग – १’ असंच लिहिलं गेलं.

पंख्याचं फार सांगत नाही. शहामृग परवडला नाही. बाजारातला पांढऱ्या पिसांचा बोआ उसवून, पिसं वाफेवर धरून, बोथट सुरीने कुरळी केली. शेजारच्या एका आजोबांनी आपल्या गावठी कोंबड्याची शेपटी देऊ केली होती. पण कोंबडा अजून ती वापरत होता.

रुमालाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नववर्षाच्या दिवशी दरबारी लोक राणीला भेटी द्यायचे, हातमोजे, बाह्या, भरतकाम केलेले रुमाल. त्यांच्या लांबलचक याद्या आजही जपलेल्या आहेत. त्या काळी पांढऱ्या तागाच्या कापडावर काळ्या रेशमाच्या भरतकामाची फॅशन होती. मैत्रिणीने नमुना दाखवला तर समोरच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारी, मूळची निपाणीची एक ताई म्हणाली, ‘अहो ही तर गवंती.’ बेळगाव-धारवाडकडच्या कशिद्यातला टाका. इरकली साडीच्या पदरावर असतो. आधी एक सोडून एक धावदोरा घालत जायचं, मग त्याच वाटेने परत येत मोकळ्या जागा भरायच्या. उलटसुलट सारखंच दिसतं, मागे गाठ नाही. इंग्रजीत ह्याच टाक्याला हॉल्बाइन टाका म्हणतात, चित्रकार हॉल्बाइनच्या चित्रांतल्या बाह्या-कॉलरींवर दिसतो म्हणून. आता कोण कुणाकडून शिकलं वगैरे वादात मला पडायचं नाही. जिला धाग्याच्या घरांवर मोजून भरायचंय आणि मागची बाजूही दाखवायचीय, तिला दुसरा मार्गच नाही. ताईने दोन संध्याकाळी रुमाल भरून दिला. मधोमध तुळशीवृंदावन भरणार होती, मोठ्या मुश्किलीने तिला गुलाबावर आणलं.

*

आणि मग पैशांचा विषय निघाला.

मुंडावळीच्या एका जोडामागे काकूंना मजुरी किती मिळते हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. दोन वडापाव आणि एक कटिंग, बस. माल दुकानदाराचा, मजुरी नगावर. तोच जोड लग्नाच्या हॉलबाहेर कितीला विकला जातो ते तुम्हीही दिले असतील, मीही दिलेत. मैत्रिणीने सरांचे पैसे तासावर द्यायचं ठरवलं. दादरचा मास्टर गाऊनचे सांगेल ते घेतो, तर सहा सरांचे तास का नाही मोजायचे? ग्रुपच्या हिशेब बघणाऱ्या मुलाचं म्हणणं, रक्कम चालेल, पण बिल कशाला, ‘दागिने – किरकोळ’ असं एक व्हाउचर टाकू. सगळीकडे असंच असतं, त्याचाही दोष नाही.

काकू एरवी कशालाच नाही म्हणत नाहीत. इथे अडल्या. पेपरात नाव नको, पण बिलावर पाहिजे. का? तर त्यांच्या बचत गटाला बँकेकडून कर्ज घ्यायचंय. मोती लावायचं, म्हणजे नुसतं ओवायचं नाही तर कापडावर ठोकायचं मशीन येतं, ते घ्यायचंय. बँकेचा साहेब विचारतो, काम करता त्याचा पुरावा काय? आणि वीस वर्षं मुंडावळ्या करूनही काकूंच्या नावाचा एक कागद नाही. एकसुद्धा नाही! मजुरी रोखीत, माल पिशवीत, हिशेब दुकानदाराच्या वहीत.

मला तेव्हा त्या झेरॉक्समधली पानं आठवली. राणीच्या कपड्यांच्या हिशेबात शिंप्याचं नाव आहे. वॉल्टर फिश, त्याच्यानंतर विल्यम जोन्स. रेशमाचं काम करणारी ॲलिस माँटेग्यू आहे. तिने राणीला विणलेले रेशमी काळे मोजे दिले आणि राणीने नंतर कापडी मोज्यांकडे ढुंकून बघितलं नाही म्हणतात. सोळाव्या शतकातल्या कारकुनाने मोजे करणाऱ्या बाईचं नाव लिहून ठेवलं. कौतुक म्हणून नाही हं, पैसे कुणाला दिले ते कळायला. हिशेबवाल्या मुलाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘ताई, लेक्चर नको, बिल पाठवा.’

शेवटच्या शनिवारी पलंगावर बसून बिल लिहिलं. मैत्रिणीने सांगितलं, काकूंच्या नातीने शाळेच्या वहीतल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवलं. मोत्यांचे सर, नग सहा. मानेचं बाशिंग, तारकाम आणि खळ, नग एक. केसांतले मोती, टाचणीसकट, नग चाळीस. रुमालाचं बिल निपाणीच्या ताईने वेगळं केलं, तिची अट होती की त्यात ‘गवंती’ हा शब्द आला पाहिजे. खाली काकूंचं पूर्ण नाव, गाव ओवे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. त्यांनी सही केली, मग कागद उजेडात धरून परत वाचला. अर्धे पैसे त्याच दिवशी फोनवर आले, बाकीचे दुसऱ्या प्रयोगानंतर. सहीशिक्क्याची प्रत मात्र पहिल्या प्रयोगाआधी हातात पाहिजे ही काकूंची अट, आणि ती पाळली गेली.

प्रयोगाला काकू, सून, नात आणि निपाणीची ताई अशा चौघी आल्या. राणी आली तेव्हा थिएटरमध्ये खरोखर ‘आह्’ असा आवाज झाला. भानू अथैयांना १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं तेव्हा कोल्हापुरात कसं वाटलं असेल त्याची एक छोटी झलक मला तिसऱ्या रांगेत मिळाली. बारा मिनिटं रफ ताठ उभा होता. पत्रावर सही करताना राणीचा एक सर खुर्चीच्या हाताला अडकला, ताणला गेला आणि एक मोती टप्पकन खाली पडला. एकच. बाकीचे आपापल्या गाठीला धरून बसले. काकूंनी माझ्या हाताला चिमटा काढला.

मशीनचं कर्ज हे लिहीपर्यंत मंजूर व्हायचं होतं. बिलाची प्रत फाइलला लागलीय. साहेबाने आणखी तीन बिलं मागितलीयत, त्यातलं एक गणपतीच्या कंठ्यांचं झालं. तुमच्याकडे लग्न असेल तर दुकानदाराला विचारून बघा, मुंडावळ्या कुणी केल्या म्हणून.

कसं जाल: हार्बर लाइनने सीबीडी बेलापूर, तिथून पेंधरच्या दिशेने मेट्रो, सेंट्रल पार्कला उतरून रिक्षा. ‘ओवे गाव’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर कॅम्पला पोचाल. गावात बघण्यासारखा ‘स्पॉट’ वगैरे काही नाही, त्यामुळे कॅमेरा गळ्यात अडकवून ओट्यांवरच्या बायकांचे फोटो काढत फिरू नका. पावसाळ्यात गेलात तर छत्री पाहिजेच, आणि खळीचे कपडे घालू नका.